गेरूचा अनध्याय

ज्या अवधूताच्या पायाशी चार श्वान निःशंक विसावलेले असतात, त्या श्रीदत्तात्रेयांना प्रथम वंदन. जगाने ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांना ज्याने आपल्या आसनाजवळ घेतले, त्याच्या स्मरणाने या लेखनास आरंभ करतो. आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. देवघरात घट बसला आहे. सूनबाईने गार्डन सेंटरमधून आणलेल्या मातीत गहू पेरले आहेत. आणि प्रतिपदा म्हणजे, मी ज्या पाठशाळेत वाढलो तिच्या नियमाने, अनध्याय. या तिथीला गुरूने शिकवू नये, शिष्याने शिकू नये. पोथी फडक्यात बांधून ठेवावी. शिकण्यास मनाई असलेल्या दिवशी आठवण्यास मात्र मनाई नसते.

सकाळी पूजा आटोपून मागच्या खोलीत काचेच्या दारापाशी बसलो होतो. बाहेर दव होते. कुंपणापलीकडचे गव्हाचे शेत कापून झाले आहे आणि त्याच्या खुंटांवर कावळे हिंडत आहेत. इतक्यात त्या बाजूने शिट्टी ऐकू आली. एक लांब, सरळ फुंक. थोडी शांतता. पुन्हा तीच फुंक, या वेळी जराशी रागावलेली. माझ्या पायाशी गेरू झोपला होता. आता त्याचे तोंड पांढरे झाले आहे, मागचे पाय थंडीत आखडतात. ती शिट्टी त्याच्यासाठी नव्हती. तरीही तो झोपेतून उठला, नीट बसला, आणि समोर पाहत राहिला. त्या शिट्टीचा अर्थ 'आहेस तिथे बस' असा आहे, आणि तो अर्थ एकदा गेरूच्या अंगात मुरला तो कायमचा.

थोड्या वेळाने माझी नात मृण्मयी चिखलाचे बूट दारात काढत आत आली. तिच्यामागे टिकली, छातीवर पांढरा ठिपका असलेली काळी लॅब्रॅडॉर, वय जेमतेम वर्षाचे.

"आजोबा, हिने आज परत माझा पोपट केला. सगळ्यांसमोर. व्हिसल ऐकली, माझ्याकडे बघितलं, आणि गेली उडत सशाच्या मागे."

"मग आता?"

"मग आता काय," ती हसली. "तुम्हाला माहितीये काय."

मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. परंतु हे आम्हा दोघांना जिथे कळले ती शरद ऋतूची ओली पायवाट काही वर्षे मागे पडली आहे, आणि आज त्या शिट्टीने मला पुन्हा तिच्यावर आणून सोडले.

*

गेरू आमच्याकडे आला त्या वर्षी मृण्मयी लेस्टरहून फार्मसीचा अभ्यास अर्धवट टाकून घरी परतली होती. तिला रात्री झोप येत नसे आणि सकाळी उठवत नसे. माझा मुलगा श्रीरंग बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात सर्जन. सून वसुधा गावातल्या दवाखान्यात डॉक्टर. दोघांनी जगाच्या दुखण्यांवर उपाय केलेले. पण मुलीच्या खोलीचा बंद दरवाजा पाहून दोघेही जिन्यात घुटमळत आणि परत खाली येत.

तिला त्या खोलीतून बाहेर काढले ते बार्बराने. बार्बरा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. पूर्वी शाळेत शिक्षिका होती, आता शिकारीच्या कामाचे कुत्रे तयार करते. मृण्मयी तिच्याकडे पिंजरे धुवायला जाऊ लागली, आणि एका वसंतात पिल्लू घेऊन घरी आली. कोल्ह्याच्या अंगासारखा तांबडा रंग. तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूची आठवण वसुधाला झाली, आणि नाव ठरले. बार्बराची अट स्वच्छ होती. मार्गशीर्षाच्या सुमारास शेजारच्या इस्टेटीवर मोठी शिकार असते. त्या दिवशी गेरू नीट कामाला उभा राहिला, तर तो मृण्मयीचा, आणि मृण्मयी बार्बराच्या हाताखाली कायमची शिकाऊ. नाही राहिला, तर त्याला दुसरे घर. श्रीरंगाने या अटीला आपली एक अट जोडली: तसे झाले, तर मुलीने मुकाट्याने लेस्टरला परत जायचे.

शिकार हा शब्द आमच्या घरात उच्चारला जाण्याची ती पहिलीच वेळ. मी काही बोललो नाही. पण न बोलणेही मृण्मयीला ऐकू येत असे.

"तुम्हाला आवडत नाही ना, आजोबा?"

"पक्षी मारणे मला आवडत नाही, आणि या वयात ते आवडून घेण्याचा माझा विचारही नाही."

"गेरू मारत नाही. मी पण नाही. शूट तर होणारच आहे, आम्ही असलो काय, नसलो काय. पण जो पक्षी पडतो आणि मरत नाही ना, तो काट्यांमध्ये जाऊन लपतो. माणसाला तो कधीच सापडत नाही. मग तो तिथे पडून राहतो, तडफडत. डॉग त्याला शोधतो. मग त्याचा त्रास संपतो, एका सेकंदात." ती थांबली. "तेवढंच आमचं काम आहे."

मला सारे पटले असे तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणणार नाही. परंतु वेदनेत पडलेल्या जीवाला शोधत काट्यांत शिरणे हे काम हीन आहे, असेही मला म्हणवेना. मी तो प्रश्न दत्तप्रभूंच्या पायाशी ठेवला. तो अजून तिथेच आहे.

घरात मात्र गेरूचे आणि माझे स्वतंत्र नाते जुळले. जेवणापूर्वी श्वानासाठी एक घास बाजूला काढण्याची आमच्या घराण्याची रीत आहे. भारतात तो घास अंगणाच्या कोपऱ्यात ठेवावा आणि कोणत्या कुत्र्याने नेला हे पाहू नये. येथे तो मागच्या दाराच्या पायरीवर ठेवतो. वर्षानुवर्षे तो बहुधा चिमण्या आणि एक निर्लज्ज खार यांनीच नेला असावा. आता खरा अधिकारी घरात आला होता. वरण-भात-तुपाचा लहानसा गोळा, कांदा-लसूण नसलेला, म्हणून डॉक्टरांचाही आक्षेप नसलेला, पायरीवर ठेवायचा. त्याचा मंत्र म्हणायचा. आणि शेवटी "घे" म्हणायचे. चेंडूएवढे पिल्लू असल्यापासून गेरू तो मंत्र संपेपर्यंत बसून राही. मी त्याला बसायला कधी सांगितले नव्हते. मला वाटे, हा याचा स्वभावच.

*

उन्हाळाभर गेरूने सर्वांची मने जिंकली. कापडाची भरलेली लांबट डमी कितीही दूर फेकली, तरी तो ती अलगद तोंडात धरून आणी आणि मृण्मयीच्या हातात ठेवी. बार्बरा कमी बोलणारी बाई, तिनेही एकदा "हं" म्हटले. मृण्मयी त्या 'हं'वर आठवडाभर जगली.

मग शरद आला. सफरचंदे लाल झाली, कुंपणावरची काळी बोरे सुकली, आणि गेरूचे पाय एकाएकी शरीरापेक्षा लांब झाले. त्याचे भुंकणे घोगरे झाले. तो कुंपणाच्या प्रत्येक खांबाशी थांबून विचार करू लागला. आणि उन्हाळ्यात शिकलेले सारे जणू कोणी पाटीवरून पुसून टाकले. परत येण्याची शिट्टी वाजली की तो मान वळवून पाही, 'आपण कोण?' असे विचारल्यासारखा, आणि नाक जमिनीला लावून चालता होई. डमी तोंडात घेऊन अर्ध्या वाटेत टाकून देई. एक डमी त्याने कम्पोस्टच्या ढिगात पुरली आणि वर वसुधाचा बागकामाचा हातमोजा ठेवला. बार्बराच्या शनिवारच्या वर्गात तर त्याने दुसऱ्या कुत्र्याची डमी पळवून शेताला प्रदक्षिणाच घातली, आणि सारे हातातले चहाचे मग सावरत हसत सुटले.

"वरचा मजला रिकामा दिसतोय याचा," रात्रीच्या जेवणाला श्रीरंग म्हणाला.

"बाबा, ही त्याची फेज आहे. सगळ्यांना होते."

"फेज! मृणू, एकच उपाय असतो. रिपीटिशन. मी अ‍ॅनाटॉमी कशी केली? घोकून घोकून. जे येत नाही ते येईपर्यंत पुन्हा."

"तो डॉग आहे, बाबा. सर्जन नाही होत आहे."

"मग तुला हवं ते कर. मार्गशीर्ष काही त्याच्यासाठी थांबणार नाही."

ती चिडली, पण आम्हा लोकांच्या घरातली मुलगी ती. आवर्तन केले की सारे जमते, हे आमच्या रक्तातच आहे. दुसऱ्या दिवसापासून तिने बागेत आवर्तने सुरू केली. रिमझिम पावसात, अंगात श्रीरंगाचा जुना रेनकोट, डमी फेक, शिट्टी, डमी फेक, शिट्टी. मी काचेतून पाहत असे. पहिल्या दिवशी गेरू धावला. पुढे तो चालू लागला. आणि एका दुपारी तो डमीपर्यंत गेला, तिचा वास घेतला, आणि तिच्याशेजारीच, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, आडवा झाला. मृण्मयी शिट्टी वाजवत राहिली. मग तिने शिट्टी तोंडातून काढली आणि तीही ओल्या गवतात बसली. दोघांच्या पाठी माझ्याकडे होत्या. दोन्ही पाठींना एकाच ठिकाणी बाक आला होता. लेस्टरहून परतली तेव्हा स्टेशनच्या बाकावर मी पाहिलेली पाठ हीच, हे माझ्या ध्यानात आले, आणि माझ्या हातातली जपमाळ थांबली.

*

कृष्णेच्या काठी आमची पाठशाळा होती. पाठांतराची रीत अशी की गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा. याला संथा म्हणतात. स्वर चढला की मान वर, उतरला की मान खाली. गुरुजींचा हात आमच्या डोक्यावर असे आणि तोच मान वळवी. मी त्या पाठशाळेतला बरा विद्यार्थी होतो. आणि मग चौदाव्या वर्षाच्या आसपास माझा आवाज फुटला. त्या आवाजाबरोबर सारे पाठांतरही फुटले. झोपेत म्हटली तरी न अडखळणारी सूक्ते मधेच तुटू लागली. जितके अधिक म्हणावे, तितके अधिक तुटे. रात्री मला वाटे, आता घरी पाठवतील.

गुरुजींनी मला बोलावले. माझा गळा निरखून पाहिला आणि इतर मुलांना म्हणाले, "याच्या कंठात नवा भाडेकरू आलाय. सामान लावून होऊ दे त्याचं." मग मला म्हणाले, "तोवर तू काही म्हणायचं नाहीस. अगदी लहानांच्या ओळीत बसायचं, ऐकायचं, आणि दुपारी गाईला नदीवर न्यायचं."

मी त्या लहान मुलांत बसलो, गाय नेली, आणली. किती काळ गेला ते आठवत नाही. एके सकाळी पाण्याचा हंडा घेऊन घाट चढत होतो. कोणीतरी सूक्त म्हणत होते, जाड, सावकाश आवाजात, एकही स्वर न चुकवता. घाटावर दुसरे कोणी नव्हते. तो मीच होतो.

त्याच पाठशाळेतली आणखी एक गोष्ट. शास्त्रात अनध्यायाची अनेक कारणे सांगितली आहेत. तिथी आहेत, गडगडाट आहे, घरी आलेला अतिथी आहे. आणि त्यांतले एक असे की गुरू आणि शिष्य यांच्या मधून कुत्रा गेला, तर त्या दिवसाचे अध्ययन बंद. घाटावर एक पिवळा कुत्रा होता. आमच्यातला एक खट्याळ सहाध्यायी धोतराच्या कनवटीला भाकरीचा तुकडा लपवून आणी आणि गुरुजींच्या नेमके समोर बसे. कुत्रा वासावर येई, आणि दोघांच्या मधून शांतपणे निघून जाई. गुरुजी क्षणभर डोळे मिटत आणि पोथी बांधत. "श्वानमहाराजांची आज्ञा झाली," असे म्हणत. त्यांना भाकरीचा वास येत नसेल असे मला कधीच वाटले नाही. परंतु आम्ही फारच थकलेलो असू, त्याच दिवशी तो कुत्रा येई, हेही खरे. आणि इतर दिवशी गुरुजी त्या मुलाला मुद्दाम मागच्या ओळीत बसवीत, हेही खरे.

कपड्यांच्या दोरीखाली आडव्या झालेल्या गेरूकडे पाहताना मला तो पिवळा कुत्रा आठवला. ज्याच्या वंशाने आम्हाला इतक्या सुट्ट्या दिल्या, त्याला एकही सुट्टी मिळू नये, हे मला न्यायाचे वाटेना.

*

बार्बरा त्याच दिवशी चहाला आली. मी तिला विचारले की शाळेत असताना विसरभोळ्या मुलांचे ती काय करीत असे. ती म्हणाली, "आधी तुम्ही सांगा. तुमच्या शाळेत काय करायचे?"

"त्यांना गप्प बसवून गाई चारायला पाठवायचे."

बार्बरा इतकी हसली की बशी ठेवावी लागली. "आणि आईबाप?"

"आईबाप रागावायचे."

"ते सगळीकडे सारखेच," ती म्हणाली, आणि मृण्मयीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? डमी कपाटात. शिट्टीही कपाटात. वाईट वयात आहे पोरगं. जे तो मोडणार हे तुला माहीत आहे, तो हुकूम देऊच नकोस. प्रत्येक वेळी मोडला की मोडायचंच शिकतो. लांब दोरी बांध आणि नुसतं हिंडव. आणि एक. याला कामाशिवाय खायला कोण देतं?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"तेही बंद," बार्बरा म्हणाली.

डमी आणि शिट्टी देवघराखालच्या कपाटात गेल्या. श्रीरंग कामावरून आला आणि ऐकून कोट हातात घेऊन तसाच उभा राहिला. "सीझन तोंडावर आलाय, आणि अण्णा, तुम्ही सुट्टी जाहीर केलीत?"

"सुट्टी नव्हे. अनध्याय."

"फरक काय?"

"सुट्टीत माणूस अभ्यास विसरतो. अनध्यायात अभ्यास माणसाला शोधत येतो."

त्याने वसुधाकडे पाहिले. वसुधा म्हणाली, "श्रीरंग, तू जेवून घे."

राहिला घासाचा प्रश्न. मृण्मयी माझ्यापाशी आली, अवघडून. "आजोबा, मला माहितीये हे रिलिजस आहे. पण प्लीज, थोडे दिवस त्याला फुकट नका देऊ ना."

"बंद करीन. पण आधी एकदा माझ्याबरोबर येऊन पाहा. मग तू म्हणशील तसे."

आम्ही मागच्या पायरीवर आलो. मी घास ठेवला. गेरू आला आणि बसला. मी मंत्र सुरू केला. कुंपणावरून शेजारचे मांजर चालत गेले. गेरूचे कान तिकडे गेले, अंगावरून थरथर गेली, पण बूड हलले नाही. छपरावरून एक कबूतर फडफडत उतरले, गेरूच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली, तो तसाच. माझा श्वास आता लांब पुरत नाही, म्हणून मी मधे थांबतो, तोही थांबला. मंत्र संपला. "घे," मी म्हणालो, आणि घास दिसेनासा झाला.

मृण्मयीने रिकाम्या पायरीकडे पाहिले, मग गेरूकडे. "हा तोच कुत्रा आहे?" मग म्हणाली, "हे त्याला शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे की मंत्र संपतो."

ती पायरीवर बसली. गेरूने तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली.

"माझं कधी संपायचंच नाही," ती म्हणाली. मला वाटले, डमीविषयी बोलते आहे. "एक एक्झाम झाली की दुसरी. लेस्टरला मी विसरायला लागले होते, आजोबा. केमिस्ट्री नाही. मीच."

घास बंद झाला नाही.

*

त्या अनध्यायाचे दिवस माझ्या या देशातल्या आयुष्यातले सर्वांत मोकळे दिवस असावेत. आम्ही तिघे हिंडलो. कालव्याकाठी, बोटींच्या धुरात. सफरचंदांच्या बागांतून, जिथे पडलेल्या फळांचा आंबूस वास जमिनीपासून गुडघ्यापर्यंत उभा असे. लांब दोरीच्या टोकाला गेरू आपल्या नाकाने जगाची पोथी वाचत असे आणि त्याला कोणी प्रश्न विचारीत नसे. मृण्मयी रात्री झोपू लागली. वसुधाने हे मला हळूच, देवाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितले.

पुढचे काम मृण्मयीने पायरीपासून सुरू केले. तोच घास, तोच मंत्र, पण गवतावर. मग फाटकाशी. मग घासाच्या जागी डमी. पाठ छोटा, तो जमला की लगेच थांबायचे, अजून एकदा म्हणून पुन्हा नाही. प्रारंभी मंत्र मी म्हणत असे, कानटोपी घालून चिखलात उभा राहून. मग एके दिवशी ती म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही नका येऊ. तो माझ्याऐवजी तुमच्याकडे बघतो." गुरूला हे ऐकायचेच असते, आणि ऐकले की थोडे लागतेच. मी काचेमागे परत आलो. शेतात ती काय करते ते मला तेथून ऐकू येत नसे.

*

शिकारीच्या दिवशी धुके होते. दत्तजयंतीचा तो आठवडा. मृण्मयीचे हात थंडीने नव्हे तर भीतीने गार पडले होते, म्हणून गाडी श्रीरंगाने चालवली. आणि मी येतो म्हणालो तेव्हा वसुधाने गरम पाण्याची पिशवी भरून माझ्या हातात ठेवली. शेताच्या कडेला, रानापासून अंतर राखून गाडी उभी केली. मी काच खाली घेतली, मांडीवर ती पिशवी. मृण्मयी गेरूला घेऊन बार्बराशेजारी जाऊन उभी राहिली.

बार सुरू झाले तेव्हा मी डोळे मिटून नामस्मरण केले. ते मी लपवीत नाही. डोळे उघडले तेव्हा पक्षी पडत होते. एक फेझंट दूर कुंपणाजवळ आपटला, उठला, आणि एक पंख ओढत काट्यांत शिरला. गेरूने ते पाहिले. त्याचे सारे अंग धनुष्यासारखे ताणले गेले. परंतु नियम असा की बार थांबल्याचे शिंग वाजेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. शेजारचा एक मोठा, अनुभवी कुत्रा न राहवून सुटला आणि धावत गेला. त्याचा मालक ओरडू लागला.

"गेला," श्रीरंग दातांत म्हणाला. "आता हाही गेला."

मी गेरूकडे पाहिले नाही. मी मृण्मयीकडे पाहिले. ती सरळ उभी होती, हात अंगालगत, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज येणे शक्य नव्हते. पण तिची हनुवटी किंचित खाली जात होती, वर येत होती, थांबत होती. ते थांबणे मी ओळखले. माझा श्वास जिथे अपुरा पडतो, नेमके तिथे ते होते.

मी तिला संथा दिली नव्हती. आमच्या पाठशाळेत मुलींना संथा देत नसत. तो विचारही त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेला, आणि ज्याच्या पायाशी चार श्वान बसतात त्याच्यासमोर तो उभा राहू शकला नाही.

मंत्र संपला. शिंग वाजले नव्हते. गेरूने मान वळवून तिच्याकडे पाहिले, आता? तिचे ओठ पुन्हा हलू लागले, पहिल्यापासून. गुरूने एकदा, शिष्याने दोनदा. माझा हात गुडघ्यावर स्वर धरू लागला होता. गेरू पुन्हा समोर पाहू लागला, थरथरत, बसलेला.

शिंग वाजले. तिचा हात पुढे झाला.

तो गेला तो धुक्यात विरला. काट्यांतून फांद्या मोडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. श्रीरंग दार उघडून बाहेर उभा होता. फार वेळ लागला; म्हणजे मला तसे वाटले. मग कुंपणाच्या तळातून आधी एक फाटलेला कान आला, मग गेरू. तोंडात तो पक्षी, असा अलगद धरलेला की त्याचा डोळा उघडा होता. मृण्मयीने शिट्टी वाजवली नाही, तिची गरजच पडली नाही. त्याने पक्षी तिच्या हातात दिला, बार्बराने तो घेतला, आणि त्याचा त्रास संपला. मी त्या पक्ष्याला हात जोडले. बार्बराने आपल्या टोपीला बोट लावले. गेरूला, की मृण्मयीला, ते कळले नाही. "हं," असे ती म्हणाली असावी.

श्रीरंग गाडीत येऊन बसला. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "अण्णा, ती जे म्हणत होती..."

"हो."

"ते मला येत नाही."

त्याच्या लहानपणी मी मंत्र म्हणत असे तेव्हा तो शेजारच्या खोलीत बीजगणित घोकत असे, आणि त्याचे दार मीच लावून घेत असे, त्याचा अभ्यास मोडू नये म्हणून.

संध्याकाळी जेवणाची पाने घेतली. मी घास काढला आणि उठू लागलो, तोच श्रीरंगाने ताटली माझ्या हातातून घेतली आणि मागच्या पायरीकडे गेला. मृण्मयी त्याच्यामागे गेली. मी जागेवरून ऐकत होतो. ती एक पद म्हणे, तो म्हणे, चुके, ती पुन्हा म्हणे. "बाबा, वर. आवाज वर न्या. नाही, आता खाली." ज्यांच्या हातून कधी टाका चुकला नाही ते डॉक्टरसाहेब पदोपदी अडखळत होते. आणि कानावर पट्टी बांधलेला गेरू, दिवसभराचा उपाशी, वाफाळत्या घासापुढे बसून, त्यांचे होईपर्यंत थांबला होता.

लेस्टरचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

*

आज टिकली दाराशी पडून बूट चावते आहे. मृण्मयीने तिची डमी देवघराखालच्या कपाटात ठेवली, कडी लावली, आणि मला म्हणाली, "चला, आजोबा, बागेत सफरचंदं पडलीयेत. गेरूला हळूहळू नेऊ." गेरू शेपटी हलवत उठला.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी असेल, ज्याचे शिकलेले सारे तूर्त हरवले आहे, आणि ज्याला पाहून घरातले जिन्यात घुटमळत असतील. श्रीदत्तप्रभू त्याच्या कंठातल्या नव्या भाडेकरूला सुखाने स्थिरावू देवोत. आपल्या दाराशी येणाऱ्या मुक्या जीवाला रोज एक घास मिळो; आपल्या घरातल्या थकलेल्यांना वेळेवर अनध्याय मिळो; आणि जो त्यांची वाट पाहतो आहे, त्याला मंत्र संपेपर्यंत बसून राहण्याचे बळ मिळो. आपले, आपल्या मुलाबाळांचे आणि उंबरठ्यापाशी झोपलेल्या राखणदाराचे सदैव कल्याण असो.